प्रतिमाताईंचा बर्फ

टेन माइल रोडवरचा फूटपाथ जिथे संपतो तिथे आम्ही दोघी पोचलो, आणि प्रतिमाताई न थांबता रस्त्याकडेच्या गोठलेल्या गवतात उतरल्या. मागे वळून म्हणाल्या, “येतेस का उभी राहतेस?”

“येतेय. ही पायपीट काही माझ्यामुळे नाही.”

गाडी त्यांचीच होती. मराठी मंडळाच्या मीटिंगनंतर त्या मला लायब्ररीतून घरी सोडणार होत्या, कारण माझा नवरा भारतात गेला होता आणि मी बर्फात ड्राइव्ह करत नाही. पहिल्याच वळणावर गाडी घसरून कडेच्या चरात गेली. लागलं कोणालाच नाही. गाडी ओढून काढणारा टोवाला फोनवर म्हणाला, संध्याकाळ होईल. त्या म्हणाल्या, चला चालत. भर दुपार होती. साबुदाणा सांडावा एवढाच बर्फ रस्त्यावर होता, पण वारा असा की दात वाजत होते.

“हा बर्फ नाही दिसला तुम्हाला?” मला राहवलं नाही.

“ग्रुपवरून काढलं ना मला आत्ता? मग तुमच्यासाठी कशाला बघू?”

मी मनात नाम घेत चालत राहिले. नाहीतर तोंडातून काय निघालं असतं, देव जाणे.

मिशिगनमधल्या आमच्या नोव्हायमध्ये प्रतिमाताई ठाऊक नाहीत असं मराठी घर नाही, आणि त्या आवडतात असंही घर मला माहीत नाही. मूळच्या नागपूरच्या. तीस वर्षांपूर्वी लग्न होऊन आल्या आणि गाड्यांचे दरवाजे बनवणाऱ्या एका कंपनीत टेस्टिंगला लागल्या. उणे चाळीसच्या खोलीत दरवाजा रात्रभर गोठवायचा आणि सकाळी तो उघडतो का ते बघायचं. “नागपूरच्या मे महिन्यातून उठले आणि थेट फ्रीजरमध्ये येऊन पडले,” असं त्या म्हणायच्या. तेवढाच एक विनोद त्यांच्याकडून मी ऐकला आहे. नवरा गेल्यापासून त्यांना हवामानाने धरलं. डेकवर थर्मामीटर. अंगणात एक पांढरी फळी, तिच्यावर पडलेला बर्फ पट्टीने मोजायचा. कॉम्प्युटरवर एका बाजूला अमेरिकन अंदाजाचा नकाशा, दुसऱ्या बाजूला युरोपियन अंदाजाचा. “दोन सासवा आहेत. कधी एक बोलत नाहीत. कोणाचं ऐकायचं ते सुनेने ठरवायचं,” त्या मला एकदा म्हणाल्या होत्या.

थंडी सुरू झाली की दर गुरुवारी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांचा मेसेज यायचा. ना नमस्कार, ना फुलं. वारा कुठून, थंडीची लाट किती दिवस, बर्फ किती. कोणी विचारायचं, “ताई, शनिवारी आमच्याकडे बारसं आहे, पडणार का हो?”

“चाळीस टक्के.”

“म्हणजे हो का नाही?”

“म्हणजे चाळीस.”

बरोबर यायचं त्यांचं, बरेचदा. ते मी नाकारत नाही. पण बरोबर आलं की दुसऱ्या दिवशी, कोणी ऐकलं नव्हतं त्यांची नावं घेऊन लिहायच्या. अशा माणसाचं कधी चुकतंय याची लोक वाटच बघतात.

बेक रोडच्या सिग्नलला आम्ही थांबलो तेव्हा त्यांचा फोन वाजला. मेसेज होता. वाचला आणि माझ्यापुढे धरला. त्यांच्या मुलाचा, जयचा. शिकागोला असतो. शुक्रवारी काम संपलं की निघतो, बायको प्रीता आणि छोटी इलाही बरोबर आहेत, इला तिचे नवे बूट आजीला दाखवायला आणते आहे.

“चांगलं आहे की,” मी म्हटलं. इला दोन वर्षांची. आजीने तिला दोनदाच पाहिलेलं, हे मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं.

“काय चांगलं? शुक्रवारी थंडीची लाट शिरून राहिली आहे. मिशिगन लेक अजून गोठलेला नाही, गरम चहासारखा आहे. वरून थंड वारा आला की वाफ उचलतो आणि या काठावर बर्फ करून टाकतो. तुझ्या अंगणात ऊन असेल. पण शिकागोच्या वाटेवर, कॅलमझूच्या आसपास, नाइन्टी-फोर हायवेवर पुढचा ट्रक दिसणार नाही. त्या वेळी तो नेमका तिथे असेल. पोरीला घेऊन.”

“मग सांगा ना त्याला.”

“काय सांगू? मी हवामान म्हटलं की तो फोन ठेवतो.”

हे मला नवीन होतं. त्यांनी तुटक तुटक सांगितलं. इलाच्या पहिल्या वाढदिवसाला प्रीताच्या माहेरची माणसं शिकागोला निघाली होती. ताईंनी एकेकाला फोन करून भीती घातली, निघू नका. निम्मे आले नाहीत. त्या दिवशी शिकागोत लख्ख ऊन. जय म्हणाला, मॉम, नो मोअर वेदर. त्या तरीही एकदा बोलल्या, तर तीन महिने फोन नाही. मंडळाच्या ग्रुपवर मात्र तो अजून होता, इथे असताना ढोल वाजवायचा म्हणून. “गुरुवारचा मेसेज तो वाचायचा. वाचल्याचं मला दिसायचं. त्यात मी शिकागोचा रस्ता कसा आहे ते घालायची. कोणी विचारलं नाही कधी, नोव्हायच्या बाईला शिकागोच्या रस्त्याशी काय करायचंय म्हणून.”

“आणि आता?”

“आता तुम्ही मला काढलंत.”

ते संक्रांतीमुळे. मंडळाचा हळदीकुंकवाचा कार्यक्रम शनिवारी होता आणि गुरुवारी ताईंनी लिहिलं, “शनिवारी संध्याकाळी बर्फ पडेल. सहा इंच.” कमिटीने कार्यक्रम कॅन्सल केला. हॉलवाल्याने पैसे परत दिले नाहीत. मी चार दिवस खपून केलेल्या गुळपोळ्या गराजमधल्या फ्रीजरमध्ये गेल्या. शनिवारी एक कण पडला नाही. लोक उन्हात कुत्री फिरवत होते. ग्रुपवर कोणीतरी उन्हाचा फोटो टाकून लिहिलं, “प्रतिमाताईंचा बर्फ”, आणि त्यावर हसून घेतलं सगळ्यांनी. मीसुद्धा.

त्यावरच लायब्ररीतली ही मीटिंग होती. अक्षत आमचा अध्यक्ष, ठाण्याचा, बोलायला गोड. “ताई, नो ऑफेन्स, पण तुम्ही क्लिअरली लिहिलं होतं, पडेल.”

“‘पडेल’च लिहिलं होतं. ‘पडणार’ नव्हतं लिहिलं.”

“सेम थिंग ना?”

“सेम कसं? पडणार म्हणजे पडणार. पडेल म्हणजे पडला तर पडला. ‘येईल तो’ आणि ‘येणार आहे तो’, यात तुला फरक कळत नाही? आणि पडला ना! पलीकडे हॉवेलला सहा इंच पडला. वारा वीस मैल सरकला, त्याला मी काय करू?”

सगळे हसले. अक्षत माझ्याकडे वळला, कारण रविवारची मराठी शाळा मी घेते आणि माझं सगळं शिक्षण मराठीतून. “सुमेधाताई, तुम्ही सांगा. पडेल म्हणजे काय?”

मी म्हटलं, दोन्ही अर्थ होतात. ‘सूर्य उद्या उगवेल’ म्हणतो तेव्हा शंका नसते. ‘आला तर येईल’ म्हणतो तेव्हा असते. जे आहे ते सांगितलं. आजही तेच सांगेन. हात वर झाले, ताईंना ग्रुपवरून काढलं, आणि यापुढे फोनवरचं अ‍ॅप बघायचं असं ठरलं.

“मास्तरीण असून शेपूट घातलंस,” सिग्नल ओलांडताना त्या म्हणाल्या.

“व्याकरण सांगितलं. तुमची बाजू घ्यायला आले नव्हते.”

“व्याकरण! चाळीस टक्के लिहिते मी, तेव्हा आकडा वाचता येत नाही कोणाला, आणि काळ बरोबर वाचता येतो.”

“आकड्यांबरोबर शिव्या कमी घातल्या असत्यात तर लोकांनी नीट वाचलं असतं.”

“कोणाला शिव्या घातल्या मी?”

“नीलांबरीला घातल्यात. मागच्या हिवाळ्यात. तिची गाडी अडकली तर लिहिलंत, अक्कल गराजमध्ये ठेवून निघाली होती का. बिचारी रडली होती.”

“रडली, पण पुढच्या वेळी घरी बसली.” एवढं बोलून त्या पुढे निघाल्या.

तेवढ्यात मागून अक्षतची गाडी आली आणि हळू झाली. काच खाली. आत हीटरची गरम हवा, ती माझ्या तोंडावर आली. “अरे ताई, गाडी कुठेय? बसा, बसा.”

“चालतेय,” प्रतिमाताई म्हणाल्या. “तुझं अ‍ॅप काय म्हणतंय? ऊन?”

“कम ऑन ताई, थंडी बघा.”

“बघितली. तुझ्याआधी.”

त्याने माझ्याकडे बघितलं. माझी बोटं बधिर झाली होती. मनापासून बसावंसं वाटत होतं. “जा तू,” ताई मला म्हणाल्या, “तुमचं एक आहे सगळ्यांचं.” मी नाही बसले. एकसष्ट वर्षांच्या बाईला त्या वाऱ्यात एकटी टाकून गेले असते तर संध्याकाळी देवापुढे कुठल्या तोंडाने उभी राहिले असते? प्रेमाने थांबले असं कोणी समजू नये. अक्षत गेला.

आमच्या वसाहतीचं, सबडिव्हिजनचं गेट दिसायला लागलं. त्या आता हळू चालत होत्या, श्वासाचा आवाज येत होता. मी विचारलं, “शुक्रवारचं नक्की आहे का?”

“नक्की काही नसतं. सत्तर म्हण.”

“म्हणजे तीस टक्के काहीच होणार नाही. पोरगी इथपर्यंत येईल, हसेल, बूट दाखवेल.”

“मला शिकवतेस तीस म्हणजे काय ते?”

मी म्हटलं, मी ग्रुपवर लिहिते शिकागोच्या रस्त्याचं, माझ्या नावाने. त्यांनी मान हलवली. “ओळखेल तो. कॅलमझू शब्द बघितला की ओळखेल. आणि मुद्दाम निघेल. माझाच पोरगा आहे.”

“मग देवावर सोडा.”

“देव नाइन्टी-फोरवर बर्फ वितळवायला मीठ टाकतो का?”

असलं बोलणं मला आवडत नाही, आणि मी तसं सांगितलं. ताई चालतच राहिल्या. माझ्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी थांबल्या, हातमोजा दाताने ओढून काढला आणि फोनमधून जयचा नंबर मला पाठवला. माझा फोन खिशात थरथरला.

“त्याला आज फोन कर,” त्या म्हणाल्या. “बर्फाचं एक अक्षर काढू नकोस. सांग, तुझी आई भेटली होती. तिने सांगितलंय, शुक्रवारी माझ्या दारात यायचं नाही. बायको नको, पोर नको, कोणी नको.”

“मी खोटं बोलत नाही, ताई. आणि असलं तर नाहीच. पुन्हा कधी आणेल का तो तिला?”

“ते माझं मी बघेन. खोटं कुठे आहे? मी सांगतेय तुला, यायचं नाही. तू फक्त पोचवायचं.” नाक पुसलं, हातमोजा परत चढवला. “माझ्या तोंडून त्याला पटणार नाही, आणि बोलता बोलता बर्फाचं निघून जाईल माझ्या तोंडून. तू कर. आणि गोड बोलू नकोस, जरा चिडून बोल. माझ्याशी बोलतेस ना, तस्संच.”