भाऊजींची काळी मोटार आणि विहिरीचं पाणी

अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात पाण्याला इतका भिणारा माणूस दुसरा झाला नसेल, आणि तो राहत होता समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. तुमच्या आजोबांचे धाकटे आतेभाऊ, म्हणजे माझे नागावचे भाऊजी. पोहायला ते भीत नसत, होडीत बसायला भीत नसत. भीत ते फक्त पाण्याच्या थेंबाला, आणि तेही त्यांच्या काळ्या मोटारीवर पडून वाळणाऱ्या. तुम्ही राहता तिकडे गाड्या यंत्रात घालून धुतात असं तुमच्या आईनं कळवलंय. ते वाचलं, भाऊजी आठवले, आणि खरं सांगते, नुसत्या आठवणीनंच दमायला झालं.

मोटार आली तेव्हा आमच्या रस्त्यावर बैलगाड्यांचंच राज्य होतं. मुंबईच्या कुणा पारशी गृहस्थांनी विकायला काढलेली ती गाडी मचव्यातून रेवस बंदराला उतरली. इतकी काळी आणि चकचकीत, की भाऊजींच्या आईनं, आमच्या आत्याबाईंनी, ओवाळता ओवाळता तिच्यात बघून पदर सारखा केला. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी वाडीतल्या विहिरीच्या पाण्यानं तिला न्हाऊ घातलं, उन्हात उभी केली आणि जेवायला बसले. हात धुऊन बाहेर येतात तो गाडीला देवी आल्यासारखे पांढरे ठिपके. आमच्याकडच्या विहिरींचं पाणी दिसायला नितळ, पण त्यात क्षार फार. थेंब वाळला की खडूनं काढल्यासारखं वर्तुळ मागे राहतं. भाऊजींनी ते लिंबाच्या फोडीनं घासले. ठिपके गेले, पण त्या जागेची तकाकीही गेली. मग तिथं खोबरेल चोळलं, तर पुळणीवरून वाऱ्यानं उडणारी सगळी वाळू त्यावर येऊन चिकटली. संध्याकाळी गाडीबरोबर आलेली इंग्रजी पुस्तिका घेऊन स्वारी अलिबागला आमच्या दारात हजर. "वहिनी, तुमचं इंग्रजी आज तरी कुणाच्या उपयोगी पडू द्या!"

मी वाचून सांगितलं: सावलीत धुवा, मऊ पाण्यानं धुवा आणि थेंब वाळायच्या आत कातड्यानं टिपून घ्या. "मऊ पाणी म्हणजे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "ज्यात साबणाला फेस येतो आणि डाळ लवकर शिजते, ते." या उत्तराचा भुर्दंड पडला तो त्यांच्या बायकोला, आमच्या यमुनेला. भाऊजींनी गावातल्या एकेका विहिरीचं पाणी कळशीनं आणवलं आणि तिला प्रत्येकात मूठभर तूरडाळ शिजवायला लावली. घरात नुसती डाळच डाळ. "अहो, मोटार वरण जेवते का?" असं तिनं एकदा वैतागून विचारलंही. सगळ्या विहिरी नापास झाल्या. पास झाली ती एकटी देवळामागची, आणि तिच्यावर गावाच्या पिण्याच्या घागरी लागलेल्या. तिथं मोटारीसाठी पोहरा सोडायला गेलेल्या भाऊजींना बायकांनी अशी काही वाट दाखवली, की पुढे कितीतरी दिवस ते देवदर्शनालाही मागच्या गल्लीनं जात.

मग त्यांनी पावसाचं पाणी धरलं. कौलं चांगली धुऊन निघाली की पागोळ्यांखाली पातेली, परात, देवाचं तामण, हाताला लागेल ते मांडत. ते पाणी पंच्यातून गाळून माजघरातल्या रांजणांत भरायचं, वर फडकं बांधायचं आणि वर्षभर मोटारीला पुरवायचं. त्या रांजणांना हात लावायची घरात कुणाची छाती नव्हती. टिपायचं कातडं मुंबईहून आलं. ब्राह्मणाच्या घरात कातडं म्हटल्यावर आत्याबाई कडाडल्या. भाऊजींनी शांतपणे सांगितलं, "आई, हे हरणाचं आहे." म्हातारी एकदम मवाळ झाली. "हरणाचं होय? मग ठेव. ऋषी बसायचे त्यावर." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच कातडं खाली घालून जपाला बसल्या. भाऊजी बाहेर बादली घेऊन ताटकळत उभे, आणि आत माळ काही संपेना.

खारा वारा सुटला की ते मोटारीला यमुनेची जुनी लुगडी नेसवत. वाडीतला धर्मा गडी माडाला टेकून हे सगळं बघायचा. "मालक," तो एकदा म्हणाला, "म्हशीला पन कोनी इतकं पुसत न्हाय." भाऊजी म्हणाले, "म्हशीवर डाग दिसतात का रे?" धर्मा म्हणाला, "दिसत न्हायत. म्हून तर ती सुखात हाय." रस्त्यात डबकं दिसलं की भाऊजी गाडी थांबवून उतरणार, छत्रीच्या टोकानं पाण्याची खोली बघणार आणि आतल्या माणसांना चालत पुढे धाडून गाडी शेताच्या कडेनं काढणार. तुमच्या आजोबांना एकदा कोर्टात पोचवताना त्यांनी असंच चिखलात उतरवलं. वकीलसाहेब घोट्यापर्यंत माखलेले आणि मागून गाडी आरशासारखी. मी बोलले, तर म्हणतात, "दादाचं धोतर धुता येतं हो, वहिनी."

त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, कुसुमचं, लग्न वैशाखात ठरलं, आणि भाऊजींनी एकच हट्ट धरला. मुलगी सासरी जाईल ती त्याच गाडीतून, आणि गाडीत तिला स्वतःचा चेहरा दिसला पाहिजे. रांजण तोवर रिकामे होत आले होते. शेवटचा एक त्यांनी पाठवणीआधी गाडी धुण्यासाठी राखून ठेवला.

लग्न लागलं. वऱ्हाड आणून आणून गाडी धुळीनं राखाडी झाली होती. मी मुदपाकखान्यात गेले तर यमुना डाळीच्या हंड्यापुढे पुतळ्यासारखी उभी. आचारी पेणचा, त्याला इथल्या पाण्याची कल्पना नव्हती. देवळामागची विहीर वैशाखात तळाला गेलेली, म्हणून त्यानं वाडीतल्या विहिरीचं पाणी घेतलं होतं. सकाळपासून जाळ लावला तरी डाळ खड्यासारखी टणटणीत. बाहेर पानं मांडलेली, आणि वरपक्षाचे एक काका मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत होते, "काय हो, डाळ अजून शेतात आहे का? सूनबाईंना तरी स्वयंपाक येतो ना?" लोक हसले. त्या घरात कुसुमला जन्म काढायचा होता, आणि पहिल्याच दिवशी हे तिच्या नावावर चिकटणार होतं. यमुना नुसती पदर चावत होती. रांजणाचं नाव तिनं काढलं नाही.

भाऊजी दारात येऊन उभे राहिले होते. खांद्यावर ते कातडं. काकांचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. हंड्यात डोकावले, यमुनेकडे पाहिलं आणि माजघरात गेले. आले ते रांजण स्वतः कवेत धरून, पोट पुढे काढून, धापा टाकत. "आचारी, ती डाळ गुरांना जाऊ दे. नवी टाका. हे पाणी घ्या." आचाऱ्यानं विचारलं, "किती घालू?" "सगळं," म्हणाले, आणि लगेच पाठ फिरवली.

पंगत उठली. काकांनी तीनदा वरण मागून घेतलं आणि हसायचं विसरले. इकडे भाऊजींनी त्या भर उन्हात विहिरीचं पाणी ओतून गाडी धुतली. धुळीपेक्षा बरी, म्हणून. टिपत होते, तेवढ्यात आतून हाक आली, "चला, मुलगी निघाली." ते तसेच ओल्या हातांनी आत गेले. मुलीला घेऊन बाहेर येईपर्यंत उन्हानं आपलं काम केलं होतं. टपापासून चाकांपर्यंत गाडी पांढऱ्या ठिपक्यांनी भरली होती. कुसुम पायरीवर थबकली. "बाबा, डाग पडलेत हो सगळीकडे." भाऊजींनी दार उघडून धरलं. "पडू देत. तू नीट बस. लुगडं आत घे, दारात अडकेल."

रेवसला तिला लाँचवर बसवून आम्ही परतलो तेव्हा दिवस कलला होता. घरी आल्यावर यमुनेला आठवलं, की कन्यादानासाठी धरलेला उपास भाऊजींनी अजून सोडलेलाच नाही. रिकाम्या मांडवात त्यांचं एकट्याचं पान मांडलं. मी भात वाढला, त्यावर उरलेलं वरण गरम करून घातलं. त्यांनी एक घास घेतला, बोटांनी डाळ चाचपून पाहिली.

"छान शिजलीय," म्हणाले.

यमुना पदराआड रडत होती. त्यांनी पुन्हा वरण मागितलं, मी वाढलं. गाडी उघड्यावर उभी होती, समुद्राकडून वारा सुटला होता, आणि त्या संध्याकाळी तिच्यावर लुगडं घालायला कुणी उठलं नाही.