धर्मा मागे का गेला

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, देवीच्या पायाशी नाही, आणि ज्या दोघांजवळ बोलायला हवं होतं त्यांच्याजवळ तर मुळीच नाही. तुम्ही म्हणाल, सदू शिंपी आणि गप्प? बटण लावून द्यायचं तरी जो चार नकला करून दाखवतो, बोहाड्यात मुखवटा चढवून रावणापासून विदूषकापर्यंत सगळी सोंगं नाचवतो, त्याच्या पोटात चौदा वर्षं एक गोष्ट राहिली कशी? राहिली खरी. आज सांगतो. पण थोडा वळसा घेऊन सांगतो — सरळ बोलायचं धाडस असतं तर सांगण्यासारखं काही घडलंच नसतं.

आमच्या टोकावड्यात फुटबॉल आणला घैसास मास्तरांनी. मास्तर कल्याणचे. रेल्वेच्या मैदानावर गोऱ्या साहेबांचा खेळ चालायचा, तो कुंपणाबाहेरून बघून बघून ते शिकले. बदली होऊन आमच्या शाळेत आले ते एक कातडी चेंडू आणि गळ्यात शिट्टी घेऊन. भात कापून झालं की मोकळ्या खाचरात आम्ही खेळायचो. बूट कुठले? अनवाणी, पायाखाली धसकटं, दोन्ही टोकांना बांबू रोवलेले आणि वरून काथ्याची दोरी. चेंडू दोरीवरून गेला की खालून, यावरच निम्मा वेळ भांडण.

पण खरी अडचण धसकटांची नव्हती. अडचण नमस्काराची होती. आपल्याकडे कुणाला पाय लागला तर काय करतात? वाकतात, हात लावतात, तो छातीला नेतात. आता फुटबॉल म्हणजे सगळा पायांचाच बाजार! पहिल्या महिन्यात दर दोन मिनिटांनी दोघं जण एकमेकांसमोर वाकलेले दिसायचे आणि चेंडू बिचारा एकटाच बांधाकडे चाललेला. मास्तर शिट्टी फुंकून फुंकून लाल व्हायचे. शेवटी त्यांनीच तोड काढली. खेळ सुरू होण्याआधी दोन्ही बाजूंनी समोरासमोर उभं राहून एकदाच वाकायचं. पुढच्या सगळ्या लाथांचा हा आगाऊ नमस्कार. मग मध्ये कुणी थांबायचं नाही. म्हाताऱ्यांनासुद्धा हे पटलं. शहापूरकडच्या गावांनीही तीच रीत उचलली.

त्या वेळी मधल्या जागेवर, गोल मारायला, मी होतो. हो, मी! धावायचोही बरा. पण मला एक खोड — चेंडू पायात आला की आधी बघणाऱ्यांकडे बघायचो. एकदा गोलासमोर एकटाच होतो, तर बांधावर बसलेल्या मंडळींना मुजरा केला. मुजरा पुरा होईतो चेंडू दुसऱ्याने नेला. मंडळी पोट धरून हसली. मास्तर नाही हसले. दुसऱ्या दिवशी माझ्या जागी धर्मा आला, आणि माझ्या हातात आली पाण्याची कळशी.

धर्मा म्हणजे आमच्या वरच्या आळीतला. भातशेती करणारा, कमी बोलणारा, आणि चेंडू पायात आला की जणू नांगराने शेतात सरळ तास ओढावा तसा थेट गोलाकडे जाणारा. माझा दोस्त. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे — तो माझा दोस्त होता.

आता ढालीची मॅच. शहापूरकडच्या शेणवे गावाचा संघ आदल्या वर्षी ढाल जिंकून घेऊन गेला होता. या वर्षी सामना आमच्या खाचरात. नियम असा, की बरोबरी झाली तर ढाल जिथं आहे तिथंच राहायची. म्हणजे आम्हांला जिंकणं भाग. सगळं गाव बांधावर. काशीनाथने चहाचं दुकान बंद करून किटलीच मैदानावर आणली होती. आणि मी? मी कळशी घेऊन कडेला उभा.

पहिल्या अर्ध्यात धर्माने गोल केला. कसा केला म्हणाल तर — नको, नाही करून दाखवत. केला. त्या झटापटीत त्याचा गुडघा लागून शेणव्याचा गोलकीपर धसकटांत पडला. उंच पोरगा, कानात बाळी. उठला, हसला, अंग झाडलं. आगाऊ नमस्कार झालेला होता, कुणाला काही वाटलं नाही. गाव तर नाचत होतं. धर्मा, धर्मा, धर्मा! ते ओरडणं माझ्या कानांना कसं लागलं, हे कसं सांगू? ते माझं ओरडणं होतं. माझ्या जागेवरचं.

मधल्या सुटीत मी त्याला पाणी दिलं. गुळाचा खडा दिला. आणि त्याच्या कानाशी लागून म्हटलं, “धर्मा, जरा सांभाळून रे. तो बाळीवाला गोलकीपर कोण, ठावं हाय ना? गोदीच्या होणाऱ्या नवऱ्याचा थोरला भाऊ.”

गोदी त्याची धाकटी बहीण. तिची बोलणी शेणव्यात एका घरी चालली होती. मध्यस्थ माझा मामा, म्हणून मला माहीत. बाकी गावात कुणालाच नाही. सोयरीक पक्की होईपर्यंत तोंडातून काढायची नाही, काढली आणि मोडली तर नाव मुलीचं जातं. धर्माने ते घर अजून पाहिलेलंही नव्हतं, सगळं बाप बघत होता.

आणि तो गोलकीपर? तो कुणाचा कोण, मला आजही ठाऊक नाही. मी त्याचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. ते वाक्य मी जागच्या जागी रचलं. सोंग रचावं तसं.

ही आहे गोष्ट. एवढीच. एका वाक्याची.

धर्माच्या हातातला गुळाचा खडा तसाच राहिला. मुलीकडचा माणूस, आणि मुलाच्या थोरल्या भावाला गुडघा घालून पाडलेलं! आगाऊ नमस्कार परक्यांना चालतो, सोयऱ्याला कसा चालेल? मला काय वाटलं होतं? की तो जरा बिचकेल, एखादा गोल हुकवेल, आणि मास्तर मला आत घेतील. तसं झालं नाही. तो उठला, मास्तरांपुढे जाऊन हात जोडून उभा राहिला. मी कळशी घेऊन चार पावलांवर. सगळं ऐकलं.

“मास्तर, मला मागं ठेवा. गोल राखायच्या बाजूला. कारण इचारू नका.”

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. किती वेळ? फार नाही. मग म्हणाले, “बरं.” आणि मागचा गडी पुढे पाठवला.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. पुढे पाठवलेल्या गड्याला चेंडू सापडेना. शेणव्याने शेवटी शेवटी गोल फेडला. एकास एक. ढाल आली तशी शेणव्याला परत गेली.

मग काशीनाथचं दुकान! त्या आठवड्यात तिथं चहा कमी आणि मास्तरांचं डोकं जास्त उकळलं.

“वाघाला गोठ्यात बांदलान आनि म्हशीला शिकारीला धाडलान,” म्हातारे आबा म्हणाले.

“आबा, एक गोल राखायचा व्हता म्हनून मागं घेतला आसंल.”

“राखायचा? एक गोल काय आंब्याची आढी हाय, राखत बसायला?”

“कल्याणचा मानूस तो. त्याला काय ठावं आमचा धर्मा कसा खेळतो.”

“सदू, तू तिथंच व्हतास ना रे? मास्तर काय बोलला?”

बघा. असा दरवाजा सताड उघडून मिळाला मला. मी काय केलं? मी बाकावर चढलो. बाजारचा दिवस, पायरीखाली ही गर्दी. धोतर वर खोचलं, दोन बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवली आणि मास्तर झालो. नाकातून बोललो, ‘गाडी पुढे, बैल मागे! भात आधी शिजवा, तांदूळ मग पेरा!’ काशीनाथच्या हातून बशी पडली, इतका हसला तो. आणि गर्दीच्या शेवटी खरे मास्तर उभे होते. ते केव्हा आले कुणास ठाऊक. तेही हसले. टाळ्याही वाजवल्या. मला तेव्हा वाटलं, वा, काय दिलदार माणूस! मग ते पुढे आले, काखेतला चेंडू बाकावर ठेवला, गळ्यातली शिट्टी काढून त्याच्यावर ठेवली. म्हणाले, “गावाचं गावात राहू दे.” धर्माने हात जोडले होते, हे ते तेव्हाही बोलले नाहीत. नंतरही नाही. उन्हाळ्यात बदली मागून कल्याणला गेले.

धर्मा त्या दिवशी दुकानात नव्हता. त्यानंतर तो खेळलाच नाही. गोदीची ती बोलणी पुढे देण्याघेण्यावरून फिसकटली — त्यात माझा हात नव्हता — आणि ती शहापुरात चांगल्या घरी पडली. त्यामुळे माझं खोटं उघडं पडायची वाटच बुजली. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून टाकतो. चेंडू पोरांनी फोडला. शिट्टी मी घरी आणली. बटणांच्या डब्यात आहे. बटण शोधताना रोज बोटांना लागते.

लढाई आली, गेली. स्वराज्य आलं. आणि दोन वर्षांमागे भात कापल्यावर बघतो तर खाचरात पुन्हा बांबू रोवलेले! धर्माची पोरं, काशीनाथचा पुतण्या, वाडीवरची चारदोन. शिकवणारा धर्मा. केस पिकायला लागलेत त्याचे, पण चेंडू पायात आला की तोच सरळ तास. खेळ सुरू होण्याआधी पोरं समोरासमोर वाकतात. आगाऊ नमस्कार टिकला! कुणी सुरू केला, हे त्यातल्या एकालाही माहीत नाही. ते पाहून मी बांधावर बसलो, आणि बराच वेळ उठलो नाही.

गेल्या बाजाराला धर्मा काशीनाथच्या दुकानात आला नि म्हणाला, येत्या रविवारी शेणव्याच्या पोरांशी सामना आहे, आणि तो कल्याणला जाऊन घैसास मास्तरांना आवतण देऊन आला आहे. ते येतो म्हणालेत. झालं! चौदा वर्षं राखेखाली राहिलेला निखारा फुलला.

“त्याच मास्तराला? ज्यानं ढाल घालवलीन?” आबा आता काठीला टेकून बोलतात, पण बोलतात.

तेव्हा धर्मा उभा राहिला. मला वाटतं आयुष्यात तो इतकं एकदम कधी बोलला नसेल. “मास्तरांनी नाय घालवली. मागची जागा मी मागितली व्हती. हात जोडून. त्यांनी माझा शब्द राखला आनि तुमची बोलनी खाल्ली. कारण माज्यापाशी हाय, ते मी सांगनार नाय.”

मग कुणीतरी म्हणालं, “भ्यालास व्हय रे?” आणि मी — ऐका, हा मी — चहाचा घोट घेऊन म्हणालो, “शेणव्याच्या वाऱ्याला भ्याला तो!” सगळे हसले. धर्माही हसला. माझ्याकडे बघून हसला, दोस्ताकडे बघावं तसं.

जीभ इतकी सवयीची झाली आहे माझी. चौदा वर्षांपूर्वी मास्तर धर्मासाठी गप्प राहिले. आता धर्मा मास्तरांसाठी बोलला, आणि तेही बहिणीचं नाव अजून राखून. दोघांनी एकमेकांचं ओझं उचललं. ते ओझं ज्याने ठेवलं तो बाकावर बसून चहा पीत होता.

म्हणून लिहिलं. आता पाठ फिरवता येणार नाही, अशासाठी लिहिलं. रविवारी पोरं खाचरात उतरतील. दोन्ही बाजू वाकतील. ती उठून उभी राहिली की मी बांधावरून खाली उतरेन, आणि धर्मा नि मास्तर जिथं असतील तिथं जाऊन, गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ते वाक्य सांगेन. गोदीचं नाव घेणार नाही. माझं घेईन. नाकातून बोलणार नाही, हात हलवणार नाही. मग वाकेन. हा नमस्कार आगाऊ नाही. लाथ केव्हाच मारून झाली आहे.

शिट्टी घासून ठेवली आहे. आत वाळलेला कचरा होता, तो सुईने काढला. काल एकदा फुंकून पाहिली, वाजते. ती मास्तरांच्या हातात देऊन मी बाजूला होईन. पोरं वाट बघत असतील, खेळ सुरू व्हायचा असेल.