काळवंडलेलं गंगाळ

निवृत्त चित्रकला शिक्षकाकडे लोक दोनच कामं घेऊन येतात: लग्नाचा फलक लिहून द्या, नाहीतर गणपतीचं मखर रंगवून द्या. जळगाव जामोदला पस्तीस वर्षं मुलांकडून केळी आणि मडकी काढून घेतली. माझाच मला कंटाळा आला होता. एकदा तरी एखादी वस्तू नीट बघून रंगवावी, म्हणून न्हाणीतलं तांब्याचं गंगाळ उचललं. बायकोनं लग्नात संग्रामपूरहून, माहेरून आणलेलं.

ओसरीत स्टुलावर ते ठेवून वीस दिवस पुढ्यात बसलो. काठाखालचा हिरवट कळंक, पोटावरचे काळे डाग, कडीच्या मुळाशी साचलेला पांढरा क्षार. जलरंगात चूक झाकता येत नाही. एक थर वाळेपर्यंत हात बांधून बसावं लागतं. पाठ मोडून निघाली. चित्राची डावी बाजू तेवढी रंगवायची उरली होती. हे बैठकीत लावू, असं म्हणालो तेव्हा बायकोचा चेहरा उतरला. मी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाजारातून आलो, तर गंगाळ लखलखत होतं. अंगणात चिंचेचा चोथा आणि राख पडली होती. वीस दिवसांवर पाणी फिरलं. मी तिला नको नको ते बोललो, पार तिची अक्कल काढली.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "येणारा-जाणारा पाहीन अन् म्हणीन, ह्या घरची बाई भांडे घासत नाही."

"अगं, ते चित्र आहे."

"असू द्या. दोन वर्सं झाले, मले मूठ मिटता येत नाही, म्हणून काळं पडलं ते. त्याच्या आंधी रोज घासत होती. तवा तुमाले दिसलं नाही काय?"

मला खरंच आठवेना. चाळीस वर्षं त्यातल्याच पाण्यानं अंघोळ केली, पण घासलेलं असताना ते कसं दिसायचं, हे सांगता येईना. तिची बोटं सुजून लाल झाली होती. मी डागन् डाग टिपला होता, आणि तो कशानं पडला हे एकदाही विचारलं नव्हतं. फार लाज वाटली.

चित्र अर्धंच राहिलं. गंगाळ आता मी घासतो. तिच्यासारखं निघत नाही.