एक्केचाळीस डोकी

"मोजलीस ना सगळी डोकी? का अजून एकदा टकलांवरनं हात फिरवत जाणार आहेस?" ड्रायव्हरने आरशातून विचारलं.

"मोजली, भाऊजी. दोनदा मोजली. एक्केचाळीस भरली."

"कागदावर किती?"

"एक्केचाळीसच."

"मग दार लावू, का इथंच संसार मांडू?"

"लावा. तुमचं तोंडही लावा त्याबरोबर."

दार फुस्स करून मिटलं आणि सात नंबरची बस होड्या बांधायच्या कारखान्यासमोरनं हलली. साडेतीन वाजले होते. बंदर चाळीस मिनिटांवर. साडेचारला जहाजाची शिडी वर ओढणार, आणि जहाज कुणाच्या बापासाठी थांबत नाही. आता यात काळजीसारखं काय होतं? काहीच नव्हतं. तरी ती मायक्रोफोन हातात धरून उभी राहिली आणि तिला पुढचं वाक्य आठवेना.

सगळे तिला पाणीबाई म्हणत. अकरा वर्षं ती या बसच्या अगदी मागच्या सीटवर बसत आलेली. काम काय, तर जहाजातून दिवसभर फिरायला उतरलेल्या परदेशी पाहुण्यांना पाण्याच्या बाटल्या वाटायच्या, कुणाला उलटी झाली तर पिशवी धरायची, आणि संध्याकाळी जहाजवाले गेले की बस झाडून-पुसून काढायची. पुढे उभा राहून बोलायचा तो गाईड. अकरा वर्षं तेच दीपगृह, त्याच एकशे बारा दगडी पायऱ्या, तीच होडीची गोष्ट. ऐकून ऐकून तिला सगळं पाठ झालं होतं. घरी सुनेसमोर म्हणून दाखवलं तेव्हा सून पोट धरून हसली. "आई, बाकी सगळं फक्कड आहे. पण तिसऱ्या पायरीपाशी तुम्ही खोकता कशाला?"

"गाईड तिथं खोकतो गं."

"अहो, त्याला सर्दी असेल!"

मग सुनेने महिनाभर तिला स्वयंपाकघरात उभं करून पाहुण्यांची भाषा घोटवली. कणकेचे हात तसेच, आणि तोंडानं परक्या भाषेत 'पायरीकडे लक्ष द्या' म्हणायचं. एकदा घरातलाच माणूस, म्हणजे तिचा नवरा, उंबऱ्याला ठेच लागून पडला, तर ही दोन्ही भाषांत ओरडली. दुसऱ्या भाषेतलं त्याला कळलं नाही, पहिल्यातलं साऱ्या गल्लीला कळलं.

आणि आज गाईडचा घसा बसला. सकाळी सात वाजता बंदरावरच्या साहेबाने तिला बोलावलं. साहेब तरणा, कपडे इस्त्रीचे, बोलणंही इस्त्रीचं. तो म्हणाला, "आजचा एक दिवस. माणसं वेळेत आण, पूर्ण आण. आणलीस तर गाईडचा बिल्ला तुझा. नाहीतर मागची सीट आहेच." मग त्याने एक कागद दिला आणि मोजायची रीत शिकवली. सीटच्या डोक्याला हात लावत जायचं, एकेक आकडा मनात म्हणायचा, मध्ये कुणाशी बोलायचं नाही. बोललं की आकडा चुकतो. दोनदा मोजायचं. कागदाशी जुळलं की दार लावायचं.

तिने तसंच केलं. अगदी तसंच केलं, आणि घोडं तिथंच पेंड खात होतं.

बस पहिल्या वळणाला लागली तशी ती मागे वळून बघायला लागली. मोजायला नाही, नुसती बघायला. सकाळपासून तिने आपल्या मनात सगळ्यांना नावं दिली होती. लाल टोपी. भांडखोर बहिणी. गुडघेदुखीवाली मास्तरीण. नवराबायको, त्यातला नवरा बायकोचे फोटो काढतो आणि बायको समुद्राचे. चौथ्या रांगेत खिडकीला गप्प आजोबा. हा म्हातारा दीपगृहाच्या पायऱ्या चढलाच नाही. खाली लाकडी दाराचे सांधे आणि बिजागरी बघत बसला. अंगठ्याची नखं शिंपल्यासारखी जाड, आणि तळहात असा की त्यावर काडी ओढली तर पेटेल.

आता त्याच चौथ्या रांगेत खिडकीला, आजोबांच्या जागी, एक बाई झोपली होती. शाल गळ्यापर्यंत ओढलेली, तोंड उघडं, निवांत.

पाणीबाई त्या सीटपाशी गेली. तिने हळूच शालीचा कोपरा बाजूला केला. छातीवरच्या बस नंबरच्या गोल चिकटपट्टीवर आकडा सात नव्हे, आठ.

लग्नाआधी माहेरी तिने बापाची तीस-बत्तीस शेरडं राखली होती. बापाला विसाच्या पुढे मोजता येत नव्हतं, पण जन्मात त्याचं एक शेरडू हरवलं नाही. दुसऱ्याचं चुकून आलं तरी अंधारात अंगावर हात ठेवून सांगायचा, हे आपलं नाही. म्हणायचा, "पोरी, मोजणारा फसतो. आकड्याला काय, कुणाचंही शेरडू चालतं. बघत जा. कोण नाही ते बघ." एवढं शिकून आलेली बाई, आणि साहेबाच्या कागदापायी एक्केचाळीस टाळकी मोजून बसली होती. तोंड एकाचंही बघितलं नव्हतं.

"भाऊजी, गाडी थांबवा."

"आता काय झालं?"

"आपला एक म्हातारा मागं राहिला. आणि ही बाई आठ नंबरची आहे."

ड्रायव्हर तिचा दीर. त्याने बस कडेला घेतली आणि मान वळवली. घरी हा माणूस तिच्या हातचा चहा पिऊन 'वहिनी, साखर कमी' एवढंच म्हणायचा. बसमध्ये मात्र त्याला सतरा वर्षांच्या ड्रायव्हरकीचा ताठा होता. "आकडा जुळतोय ना?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "मग गप बस. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस. आठ नंबरवाला मागनं येत असेल, तो घेऊन येईल म्हाताऱ्याला."

"त्याला काय ठाऊक आपला म्हातारा राहिला म्हणून? तो स्वतःची बाई शोधत असेल."

खरंच, तेवढ्यात फोन वाजला. आठ नंबरच्या गाईडचा. तो तर आधीच निघून पुढे गेला होता, त्याची एक बाई गायब होती आणि त्याचा आवाज रडवेला झाला होता. पाणीबाई म्हणाली, "तुझी बाई माझ्याकडे घोरतेय. तू सरळ बंदरावर ये." तिने विचारलं, कुणी जास्तीचा म्हातारा तुझ्या गाडीत आहे का? नव्हता.

मग तिने साहेबाला फोन लावला. लपवणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"किती वाजले बघ," साहेब म्हणाला. "तू मागे गेलीस तर चाळीस माणसांचं जहाज चुकेल. एकासाठी चाळीस? तो टॅक्सीने येईल. तू ये."

"साहेब, तिथं टॅक्सी कुठली? दिवसातनं एकदा मिठाचा ट्रक जातो."

"मी सांगितलं ते ऐक. उशीर झाला तर बिल्ल्याचं विसर."

फोन ठेवला. बसमध्ये कुजबुज सुरू झाली होती. लाल टोपी घड्याळावर बोट मारत होता. तिला एकदम सुनेचं स्वयंपाकघर आठवलं, कणकेची परात आठवली. महिनाभर घोकलेलं आठवलं. त्यात हे वाक्य कुठंच नव्हतं. अकरा वर्षांत गाईडनेही ते कधी म्हटलं नव्हतं.

ती मायक्रोफोनमध्ये मोडक्यातोडक्या भाषेत बोलली. त्याचा अर्थ असा, "आपला एक माणूस राहिला. चूक माझी. मी त्याला आणते. तुम्हाला जहाजावर पण पोचवते." मग जरा थांबून, "तुम्ही राहिला असतात, तर तुमच्यासाठी पण वळले असते."

मग गुडघेदुखीवाली मास्तरीण म्हणाली, "अर्थातच." भांडखोर बहिणी सकाळपासून पहिल्यांदा एका सुरात 'हो' म्हणाल्या. लाल टोपीने घड्याळावर बाही ओढली.

"ऐकलंत भाऊजी? वळवा."

"साहेब माझं पण नाव लिहील गं."

"लिहू दे. शुद्ध लिहायला सांगा."

दिराने एक शिवी समुद्राला हासडली आणि तेवढी मोठी बस त्या अरुंद रस्त्यावर दोन झटक्यांत फिरवली. पाहुण्यांपैकी एकाने टाळी वाजवली. दिराची मान आपोआप ताठ झाली. सतरा वर्षांत त्याच्या वळणाला कुणी टाळी दिली नव्हती.

कारखान्यापाशी ती बस पुरती थांबायच्या आधीच उतरली. कुठं बघायचं ते तिला ठाऊक होतं. जे शेरडू सकाळपासून पाल्याकडे बघतंय ते पाल्यातच सापडायचं. मोठी अर्धी बांधलेली होडी लाकडी टेकूंवर उभी होती. तिच्या पोटाखाली जाऊन बघते, तर गप्प आजोबा मांडी घालून बसलेले. एका हातात छिन्नी, दुसऱ्यात लाकडी हातोडा. दोन फळ्यांच्या फटीत कापसाची डांबरात भिजवलेली जाड वात ठोकून भरत होते, पाणी आत येऊ नये म्हणून. शेजारी कारखान्याचा म्हातारा मिस्त्री बसून वातीचं भेंडोळं सोडत होता. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. ठोक, ठोक, मग मिस्त्री मान हलवायचा, मग पुन्हा ठोक.

"अहो मिस्त्री, जहाज चुकेल ना यांचं!"

"मी काय धरून ठेवलंय?" मिस्त्री म्हणाला. "आला, माझ्या हातातनं हातोडा घेतला. मला वाटलं मोडेल काहीतरी. पण हात बघ त्याचा. चाळीस-पन्नास वर्षांचा हात आहे तो. माझ्या दोन्ही पोरांना हे जमत नाही. ठेव याला चार दिवस."

"तुम्हाला चार दिवस, मला चार मिनिटं!"

आजोबांनी वर बघितलं आणि त्यांना एकदम सगळं कळलं. चेहरा शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा झाला. तिने हात पुढे केला. पण त्यांनी आधी हातातली वात पुरी भरली, तीन ठोके, फट बंद. मगच उठले. पाणीबाईला राग यायला हवा होता. आला नाही. अर्धं झाडलेलं घर टाकून तीही कधी उठली नव्हती.

तीन वाजून पंचावन्न मिनिटं. मोठ्या रस्त्याने गेलं तर पाच मिनिटं उशीर ठरलेलाच.

"मिठागरामागचा रस्ता धरा," ती म्हणाली.

"ट्रकचा रस्ता आहे तो. हाडं खिळखिळी होतील सगळ्यांची."

"होऊ देत. हळू चालवा, पण तिकडून चला. दहा मिनिटं वाचतात."

मिठागराचा रस्ता म्हणजे खड्ड्यांना मध्ये मध्ये रस्ता पडलेला. पाठ केलेल्या भाषणात तो नव्हताच, त्यामुळे बोलायचं काय? दोन्ही बाजूंना पांढऱ्याफेक मिठाचे ढीग, मध्ये आरशासारखं पाणी. तिने मायक्रोफोन घेतला आणि जे सुचेल ते बोलत सुटली. हे मीठ कसं पिकवतात. माझा बाप शेरडांना चाटायला इथलेच खडे न्यायचा. बापाला मोजता येत नव्हतं. मी आज मोजलं आणि फसले. शब्द अडला की हातांनी दाखवलं. 'शेरडू' सांगायला तिने बें-बें करून दाखवलं, तर अख्खी बस हसली, आणि चौथ्या रांगेतली झोपलेली बाई दचकून जागी झाली. आपण कुठल्या बसमध्ये आहोत हे तिला कळेपर्यंत पुन्हा हशा पिकला.

आजोबा आता मास्तरणीशेजारी खिडकीला, डांबराचे हात मांडीवर उताणे ठेवून बसले होते, कुठं डाग लागू नये म्हणून. मास्तरणीने त्यांना एकेक करून बिस्किटं भरवली.

चार वाजून सव्वीस मिनिटांनी बस बंदराच्या फाटकात शिरली. साहेब उन्हात उभा होता, इस्त्री पार मोडलेली. एकेक पाहुणा उतरला. या खेपेला तिने सीटना हात लावला नाही. दारात उभी राहून प्रत्येकाच्या तोंडाकडे बघितलं. आठ नंबरचा गाईड धावत येऊन आपली बाई घेऊन गेला, जाताना पाणीबाईच्या पाया पडायचाच बाकी होता. आजोबा सगळ्यांत शेवटी उतरले. हात द्यावा तर डांबर लागेल, म्हणून त्यांनी कोपर पुढे केलं. तिने आपलं कोपर त्यावर टेकवलं.

शिडी वर गेली. साहेब तिच्याकडे आला.

"मी सांगितलेलं ऐकलं नाहीस."

"नाही ऐकलं."

"आकडा तर बरोबर होता. मग कळलं कसं?"

"आकडा बरोबर होता साहेब, माणूस चुकीचा होता. तुमची रीत वाईट नाही. पण मोजताना तोंडं बघायला सांगत जा."

साहेबाने मोडलेली इस्त्री हाताने सारखी केली. चूक कबूल करायला त्यालाही सुनेसारखी कुणीतरी शिकवणी द्यायला हवी होती. शेवटी म्हणाला, "परवा दुसरं जहाज येतंय. सात नंबर तूच घे. बिल्ल्यावर नाव काय घालायचं?"

"पाणीबाईच घाला. दुसऱ्या नावाने हाक मारली तर मी वळून बघणार नाही."

"गाईडचा घसा बरा झाला तरी?"

"त्याला मागं बसवा. पाणी वाटू दे. घशाला बरं असतं."

दिराला हसू फुटलं, ते त्याने खोकल्यात लपवलं. साहेब निघून गेला तसा तो म्हणाला, "मग गाईडबाई, आता घरी सोडू का तुम्हाला?"

'तू'चं 'तुम्ही' झालेलं तिने ऐकलं, पण दाखवलं नाही.

"घरी कुठलं? खाली बघा जरा. मिठागरातनं आणलात, अर्धा रस्ता बसमध्ये भरलाय. परवापर्यंत बस झाडायची ती मीच." तिने पदर खोचला, मागच्या सीटखालून बादली आणि झाडू ओढून काढला. परतताना आजोबा बसले होते तिथल्या खिडकीच्या काचेवर डांबराचा एक अंगठा उमटला होता. तिने फडकं ओलं करून पिळलं, आणि पुढून पहिल्या रांगेपासून सुरुवात केली.