चहाच्या आधीची गाडी

मंडळी, आमच्या जुन्या पिकअपचा आजार आज दुपारी एकदाचा सापडला.

लग्नाच्या मंडप-बिछायतीचं सामान वाहणारी गाडी. सकाळी एका झटक्यात चालू होते. पण लांब कुही गावाहून तापून आली आणि बंद केली, की सेल्फ नुसता कण्हतो. थोडा वेळ थांबलं की पुन्हा ठणठणीत.

मिस्त्रीकडे कितीदा तरी नेली. गेल्या गेल्या तो म्हणायचा, "बस गा, पहिले चहा घे." चहा, गप्पा, मग चावी फिरवली की गाडी मुकाट चालू. तो माझ्याकडे बघायचा, मी गाडीकडे.

आज मीच म्हटलं, "भाऊ, चहा नंतर. गरम आहे तवर पाह्य."

बंद करून लगेच चावी फिरवली. कण्हली. त्याने बॅटरीच्या मायनसपासून इंजिनला एक जाड वायर जोडली आणि गाडी उठली. अर्थिंगची जुनी वायर रबराच्या आत सडली होती.

"तापली का करंट अडते, थंडी झाली का जाते. मले दिसन कशी?" तो म्हणाला.

हुडकेश्वरला घरी परतताना बाबाच डोक्यात होते. जिना चढताना त्यांना दम लागतो. दवाखान्यात मात्र नंबर येईपर्यंत बाकावर बसून राहतात आणि डॉक्टरांनी विचारलं की म्हणतात, "आता काही नाही बा." ऐकून आम्हीही निश्चिंत.

उद्या डॉक्टरांना मीच सांगणार आहे, आधी यांना जिना चढताना बघा.

तुमच्या घरात असं कोण आहे, जे नंबर येईपर्यंत बरं होतं?