मी नव्वदवाला नाही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नव्वद साली इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या तेव्हा मी कुवेतमध्ये नव्हतो. नाशिकला होतो, वार्षिक रजेवर, मुलगी बघायला. बातमी आली त्या सकाळी मी एका परक्या बैठकीच्या खोलीत, नव्या शर्टाच्या कॉलरमधली काढायची राहिलेली टाचणी सहन करत बसलो होतो. समोर बसलेली मुलगी पुढे माझी बायको झाली, त्यामुळे तिला वेगळं सांगावं लागलं नाही. त्या ऑगस्टमध्ये मी भोगलेलं सगळ्यात मोठं दुःख म्हणजे ती टाचणी, असं ती म्हणायची.

कुवेतमधल्या आपल्या लोकांत ‘नव्वदवाला’ ही पदवी आहे. जे त्या वर्षी आत अडकले, जहरा गावावरून जाणाऱ्या रस्त्यानं इराक ओलांडून जॉर्डनच्या वाळवंटात तंबूंत राहिले आणि मग विमानानं घरी पोचले, ते नव्वदवाले. त्यांना खुर्ची मिळते. त्यांनी काही सांगायला घेतलं की चमचे वाजायचे थांबतात.

ही पदवी मला चोरावी लागली नाही. युद्धानंतर मी रिफायनरीत परत रुजू झालो, तेव्हा चहाच्या सुट्टीत एका नव्या पोरानं विचारलं, “साहेब, नव्वदला इथंच होता?” मी म्हणालो, “अठ्ठ्याऐंशीपासून आहे.” यात खोटं काही नव्हतं. त्यानं उठून मला खुर्ची दिली आणि मी बसलो. मुळात मी कमी बोलणारा. लोकांनी त्या गप्प राहण्याची जखम करून टाकली. “ज्यांनी पाहिलंय ते बोलत नाहीत,” असं कुणीतरी हळू आवाजात म्हणायचं आणि माझ्या पुढ्यात आणखी एक चकली यायची. अशा चकल्या मी दहा-अकरा वर्षं खाल्ल्या.

मग दोन हजार तीन उजाडलं. शेजारी पुन्हा युद्ध होणार हे दिसत होतं. आम्ही काही मराठी कुटुंबं शुक्रवारी दुपारी जाब्रिया या आमच्या वस्तीत एकमेकांकडे जमायचो. अशाच एका शुक्रवारी सगळे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांवर तुटून पडले होते. तेलासाठी चाललंय सगळं, इराककडच्या त्या महासंहारक शस्त्रांचा पुरावा कुठाय, बापाचं अर्धं राहिलेलं काम पोरगा करतोय. पोह्यांच्या दुसऱ्या फेरीपर्यंत राष्ट्राध्यक्षांच्या बाजूनं एकही माणूस उरला नव्हता.

माझ्याच विभागातला एक तरुण इंजिनिअर सगळ्यात पुढं होता. पुण्याचा, हुशार, मला ‘सर’ म्हणणारा. त्याची बायको जाब्रियातल्याच एका दवाखान्यात लॅबमध्ये होती आणि तिला सातवा महिना लागला होता. तिला माहेरी पाठवायचं त्याचं ठरलं होतं, तिकीटही काढलं होतं. तो म्हणाला, एका माणसाच्या हट्टापायी आपण सगळे इथं धोक्यात.

मला ते खरंच पटत नव्हतं. शेजारचा देश एकदा गिळून बसलेला माणूस पुन्हा गिळणार नाही याची हमी कोण देणार, असं मला प्रामाणिकपणे वाटायचं. एवढंच म्हटलं असतं तर चाललं असतं. पण एवढ्यानं कुणी गप्प बसत नाही, आणि मला त्यांना गप्प बसवायचं होतं. मी बशी खाली ठेवली आणि म्हणालो, “मी नव्वद पाहिलंय.”

चमचे थांबले. मग मी बराच वेळ बोललो. निर्णय कटू आहे पण बरोबर आहे म्हणालो. पुराव्याचे कागद पूर्ण होईपर्यंत थांबलं तर घर राहत नाही, असंही म्हणालो. शेवटी तर कहर केला. युद्ध चार दिवसांत आटोपेल, कुवेतवर एक खडासुद्धा पडणार नाही, घाबरून पळण्यासारखं काही नाही, असं मी त्यांना सांगितलं. हे मला कुठून कळलं ते कुणी विचारलं नाही. नव्वदवाल्याला विचारत नाहीत.

गाडीत बसल्यावर बायको म्हणाली, “भाषण छान झालं. टाचणीचं तेवढं राहिलं.”

शनिवारी ऑफिसात तो तरुण माझ्या टेबलाशी आला. बायकोचं तिकीट रद्द केलं म्हणाला. तिला इथंच राहायचं होतं, माझ्या बोलण्यानं त्यालाही धीर आला होता. त्या वेळी माझ्या हातात एक अख्खं मिनिट होतं. त्या मिनिटात मी त्याला, गॅसचा हल्ला झालाच तर कोणती खोली बंद करायची, दाराखाली ओला टॉवेल कसा लावायचा, हे समजावलं. ते मी आदल्या दिवशी पेपरात वाचलं होतं.

खिडक्यांना लावायची चिकटपट्टी आणायला खालच्या दुकानात गेलो. दुकानदार रत्नागिरीकडचा, खराखुरा नव्वदवाला, आणि तो त्याबद्दल चकार शब्द काढत नसे. माझं भाषण त्याच्यापर्यंत पोचलं होतं. त्यानं कोथिंबीर तोलता तोलता विचारलं, “साहेब, त्या रस्त्याला तहान लागायची, ती आठवते काय?”

“आठवते की.”

त्यानं जुडी पिशवीत घातली. “मला नाय आठवत,” तो म्हणाला. “आम्हाला भीतीच इतकी होती, तहानेचं भानच नव्हतं.” आणि चिकटपट्टीचं एक रीळ जास्तीचं घातलं.

युद्ध सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी सायरन वाजले. मग रोजच वाजू लागले. सायरन झाला की लिफ्ट वापरायची नाही. त्या तरुणाची बायको चार मजले उतरायची आणि चढायची. एका दुपारी दुसऱ्या मजल्यावर तिचा पाय घसरला. बाळ दोन महिने आधी आलं, मुलगी, पावाच्या लादीएवढी. दवाखान्यात बाळाच्या खोलीच्या काचेबाहेर उभा असलेला तो तरुण माझा हात धरून म्हणाला, “सर, तुमच्यामुळे धीर राहिला.”

मी घरी येऊन हे बायकोला सांगितलं. त्या दिवसापासून तिनं टाचणीचं नाव काढलेलं नाही.

मुलगी वाचली, वाढली. डोळ्यांवर जाड चष्मा आहे. डॉक्टर म्हणाले, लवकर आलेल्या बाळांत असं होतं. पुढे ती शस्त्रं काही सापडली नाहीत, तेव्हा शुक्रवारच्या मंडळींनी राष्ट्राध्यक्षांना पुन्हा फैलावर घेतलं. मला कुणी काही म्हणालं नाही. राष्ट्राध्यक्षांना निदान चुकीची माहिती कुणीतरी दिली होती म्हणे. मला तर कुणी काहीच दिलेलं नव्हतं. तो निर्णय चूक होता की बरोबर, याबद्दल मी अजूनही पूर्ण पलटलेलो नाही. पण वाद घालायचा तर माझ्या मतावर घालायचा होता. मी दुसऱ्यांची तहान दाखवून जिंकलो.

परवा त्या मुलीचा फोन आला. शाळेसाठी नव्वदचं युद्ध पाहिलेल्या एका मोठ्या माणसाला पाच प्रश्न विचारायचेत. “अंकल, पप्पा सेज यू वेअर देअर. ना?”

मी म्हणालो, “शुक्रवारी ये. आई-पप्पांनाही आण.” बायको शेजारीच भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही, पण हात थांबले.

शुक्रवार परवावर आलाय. त्या तिघांना मी एक वाक्य देणं लागतो, सात वर्षं झाली: मी तेव्हा इथं नव्हतो, मला काहीही माहीत नव्हतं, आणि तिकीट रद्द झाल्याचं कळूनही मी गप्प बसलो.