टाकी भरून जा

गेवराईच्या बसस्टँडमागं ख्वाजा मिस्त्रींचं पत्र्याचं शेड आहे आणि त्याला लागून माझं पंक्चरचं दुकान. त्यामुळं मिस्त्रींची चिडचिड मी तेरा वर्षं फुकटात ऐकतोय.

दिवाळी झाली की टोळ्या ऊसतोडीला निघतात. नवे ट्रॅक्टर उसामागं जातात, जुने मिस्त्रींच्या शेडात चार-पाच महिने उभे राहतात. यंदा अकरा होते. मिस्त्री सायलेन्सरच्या तोंडावर डबा पालथा घालतात आणि दर शुक्रवारी नमाजनंतर प्रत्येक ट्रॅक्टर पाव तास चालवतात. बदल्यात एकच मागणं: टाकी गळ्यापर्यंत भरून जा.

कोण ऐकतंय! भरली टाकी म्हणजे चोराला आमंत्रण, हे आमच्याकडं लेकरालाही ठाऊक. म्हणून जाताना तळाला थोडं ठेवून बाकीचं डिझेल नळी लावून उपसायचं आणि कॅन सोबत न्यायचे. रिकाम्या टाकीला थंडीत आतून दंव सुटतं, ते पाणी तळाला बसतं आणि पंप गंजतो, हे मिस्त्री दरवर्षी घसा कोरडा करून सांगतात. पालथ्या घड्यावर पाणी.

यंदा रविनं कहर केला. तो धोंडप्पांचा मुलगा, टोळीचा मुकादम. मिस्त्री समोर उभे असताना त्यानं टाकी उपसली.

"अबे, मी काय सांगायलो?"

"चाचा, तुमच्या शेडाला दार तरी हाय का?"

मिस्त्रींना ते लागलं. चाळीस वर्षांत त्यांच्या शेडातून साधा पाना गेलेला नाही. त्या दिवसापासून शुक्रवारी दहा ट्रॅक्टर चालू व्हायचे, अकरावा नाही.

धोंडप्पा मिस्त्रींचे लहानपणापासूनचे दोस्त. बैलजोडी विकून त्यांनी हा ट्रॅक्टर घेतला आणि सव्वीस वर्षं स्वतः चालवला. आता गुडघे गेलेत. दर हिवाळ्यात शुक्रवारी ते फक्त त्याचा आवाज ऐकायला येतात, डोळे मिटून बसतात आणि चहा पिऊन घरी जातात.

"ख्वाजा, माझा कावून न्हाई लावला?"

"तुझ्या पोराला इचार."

पुढच्या शुक्रवारीही तेच. थंडी वाढली, धोंडप्पा कानटोपी घालून येत राहिले. मी एकदा म्हणालो, "चाचा, चालू करून टाका की." मिस्त्री माझ्यावरच खेकसले, "फागुनात बघ, कोण खरं ठरतंय ते!"

फाल्गुनात रवि परतला. चावी फिरवली, इंजिन नुसतं घरघरलं. पुन्हा फिरवली, तेच. चार माणसं जमली तसा त्याला जोर आला.

"तळाला डिझेल ठिवलं व्हतं, ते कुठं गेलं चाचा?"

मिस्त्रींनी फिल्टरखालचा बोल्ट सैल करून काचेची बाटली धरली. तांबूस पाणी आलं, वर बोटभर डिझेल. बाटली त्यांनी रविच्या नाकासमोर नेली.

"हे घे तुझं डिझेल! पंप गेला बे. आता कुणाला चोर म्हणतू?"

रविची मान खाली गेली. लोक हसले. मिस्त्री चार महिन्यांनी पहिल्यांदा खूश दिसले, आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला त्यांचा भयंकर राग आला.

धोंडप्पा काठी टेकत पुढं आले. "तू खरा हायेस, ख्वाजा. लई खरा हायेस. पण दर शुक्रवारी मी कुणासाठी येत व्हतो रे? रविसाठी?"

मिस्त्रींच्या हातात बाटली तशीच राहिली.

बाकीचे दहा ट्रॅक्टर त्याच आठवड्यात घरी गेले. शेडात एकच उरलाय आणि मिस्त्री रोज त्याचा पंप खोलून बसतात. मी दोन चहा सांगतो. एक त्यांचा, एक धोंडप्पांचा. धोंडप्पांचा चहा रोज निवून जातो, कारण त्या दिवसापासून ते आलेले नाहीत.